सस्पेन्शन आणि कार्ब्युरेटर ट्यूनिंग: पैसे कुठे सार्थकी लागले

ऑफ-रोड मोटरसायकलवर ही दोन्ही कामे एकत्र करून घेतली, पण गाडी खऱ्या अर्थाने बदलली ती सस्पेन्शनमुळे. हेल्मेट-बुटांसह गाडीवर बसवून मेकॅनिकने मागचा सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबते ते, मोजला. सुमारे ३०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वर-खाली होण्याच्या मर्यादेच्या) गाडीला तो १०० मिलिमीटरच्या आसपास लागतो, आणि तेवढा मिळवण्यासाठी प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) इतका आवळावा लागत होता की अखेर अधिक कडक स्प्रिंगच बसवावी लागली. पुढच्या फोर्कमधील (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या नळ्यांमधील) तेलाची पातळी किंचित वाढवल्याने हवेची जागा कमी झाली, त्यामुळे उडीनंतर फोर्क तळाला आपटत नाही आणि बारीक दगडगोट्यांवरचा मऊपणाही टिकला आहे.

कार्ब्युरेटरबाबत, म्हणजे हवा-पेट्रोलचे मिश्रण करणाऱ्या भागाबाबत, मेकॅनिकने मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) बसवण्याची घाई केली नाही, हे मला विशेष आवडले, कारण त्याचा परिणाम मुख्यतः पूर्ण थ्रॉटलच्या (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्याच्या) आसपास जाणवतो. अर्ध्या थ्रॉटलवरची अडखळ नीडलची (पेट्रोलचे प्रमाण ठरवणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घेताच, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढताच, गेली. जुन्या-नव्या सेटिंगची नोंद मात्र लेखी मिळाली नाही. उंचीवर हवा विरळ होऊन मिश्रण पुन्हा बिघडते, तेव्हा ती हाताशी हवीच. बजेट तुटपुंजे असेल, तर आधी स्प्रिंग बदलून घ्यावी.