माचू पिचूला चालत जायचंय, इंका ट्रेल का सालकांताय?

परवा रंकाळ्यावर मित्र विचारत होता, पेरूला माचू पिचू, म्हणजे इंका लोकांचं डोंगरावरलं जुनं शहर, बघायला जायचं ठरलंय पण इंका ट्रेल आणि सालकांताय यातल्या कुठल्या वाटेनं चढू.

भावा, जुने अवशेष बघायचे असतील तर विषयच संपला, इंका ट्रेल. ४ दिवस, साधारण ४३ किमी, वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, विन्याय वायना लागतात आणि शेवटी इंती पुंकू म्हणजे सूर्यद्वारातनं एकदम माचू पिचू खाली दिसतं. पण परमिट लागतं, दिवसाला गाईड-हमालांसकट ५०० च माणसं, त्यामुळं कित्येक महिने आधी बुकिंग, आणि फेब्रुवारीत वाट बंद. दगडी पायऱ्यांनी गुडघ्यांची वाट लागते ती वेगळीच. महाग पण हीच.

सालकांताय स्वस्त, तसलं परमिट नाही, माचू पिचूचं तिकीट मात्र वेगळं काढायचं. अवशेष कमी, बर्फाचा डोंगर शेजारी. चाल लांब, खिंड ४६०० मीटरच्या वर, इंका ट्रेलची ४२१५. पन्हाळा-पावनखिंड केलंय म्हणून छाती फुगवू नको, आपलं कळसूबाईच १६४६ आहे, पेरूतल्या त्या उंचीवर विरळ हवेनंच दम लागतो. दोन्हीआधी उंचीची सवय व्हायला कुस्को शहरात दोन-तीन दिवस काढच.

रजा आधीच मंजूर आणि इतिहासाचं वेड असेल तर इंका, ऐनवेळी निघणारा, खिसा बेताचा पण पाय दणकट असेल तर सालकांताय.