सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर : आमच्या घरातले 84 दिवस

ह्यांना हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृताला सूज आणणारा विषाणू. 1994 च्या अपघातात रक्त चढवलं होतं, तेव्हाच शिरला असावा, असं डॉक्टरांचं मत. 2012 साली पहिला इलाज केला तो इंटरफेरॉनचा. आठवड्याला एक इंजेक्शन, जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असे 24 आठवडे. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गावात भारनियमन. वीज गेली की मी फ्रीजच्या दाराला कुणाला हात लावू द्यायचे नाही. टोचून आले की रात्रभर हुडहुडी. स्वभाव इतका चिडका झाला की पोरं समोर जायला बिचकायची. चौदाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन सातवर आलं आणि इलाज सोडावा लागला. पतसंस्थेचे हप्ते पुढे दोन वर्षं फेडले.

2019 मध्ये ह्या गोळ्या मिळाल्या, सरकारच्या हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून, एक पैसा न देता. सोफोसबुविर 400 मिलिग्रॅम, डॅक्लाटासविर 60 मिलिग्रॅम, रोज एकेक. बाटलीत 28 गोळ्या. रात्री जेवण झालं की गोळी आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुली. पहिला आठवडा डोकं जड, थोडा थकवा. पुढे हे रोज उसाला पाणी द्यायला जात होते. कोर्स संपल्यावर 12 आठवड्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे, ते तपासलं. विषाणू नाही. कागद हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले.

हीच सोफोसबुविर डिसेंबर 2013 मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा एका गोळीला हजार डॉलर पडायचे, कोर्सला 84 हजार. मग सप्टेंबर 2014 मध्ये ती विकणाऱ्या गिलियड या अमेरिकी कंपनीने सात भारतीय कंपन्यांना ती बनवायचा परवाना दिला, 91 देशांत विकायला. बनवायची रीतही दिली. रॉयल्टी घेतली, पण किंमत ज्याची त्याने ठरवायची. 2015 मध्ये आपल्याकडे बाटलीवर वीस हजारांच्या आसपास छापील किंमत होती, ती चढाओढीत उतरत गेली. त्याच वर्षी डॅक्लाटासविरचा परवानाही मेडिसिन्स पेटंट पूल या औषधांचे परवाने मिळवून देणाऱ्या संस्थेमार्फत 112 देशांसाठी खुला झाला. मला हीच रीत सगळ्यात पटते. कंपनीने सवलत दिली तर ती उद्या काढूनही घेते; सात जण तेच औषध बनवायला लागले की भाव एकाच्या मुठीत राहत नाही.

पण त्या 91 देशांत ब्राझील नव्हता, थायलंड नव्हता, मलेशियाही नव्हता. थायलंड-मलेशियाची नावं 2017 मध्ये घातली, आणि त्याच वर्षी मलेशियाने स्वतःच सक्तीचा परवाना काढला, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीची संमती न घेता स्वस्त औषध वापरायची सरकारी परवानगी. देश मध्यम उत्पन्नाचा ठरला म्हणून तिथल्या मजुराच्या खिशात पैसे येतात का? औषधाला मी पैकीच्या पैकी गुण देते. परवान्याचे मात्र कापते.

घेणाऱ्यांसाठी : आधी हिपॅटायटिस बी तपासून घ्या, तो अंगात लपलेला असेल तर ह्या गोळ्यांनी उसळू शकतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरॉन चालू असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. आम्हाला गोळ्यांपेक्षा तपासणीने दमवलं : नमुना बाहेरगावी जायचा, एक रिपोर्ट 26 दिवसांनी आला. शेवटच्या तपासणीची तारीखही हमखास विसरते. आम्ही ती रिकाम्या बाटलीला चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिली आणि बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवली.