जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं, दोन महिन्यांनंतरचा अनुभव

घरी २०१३ चा लॅपटॉप पडून होता, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १० चालू होईपर्यंत चहा करून प्यायचा. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये १० चा सपोर्ट संपला आणि ११ या मशीनवर बसतच नाही, मग म्हटलं भंगारात द्यायच्या आधी लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम) एक्सएफसीई ही हलकी एडिशन टाकून बघू, फुकटच तर आहे.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने बनवला. चांगली गोष्ट म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, साउंड, कॅमेरा, टचपॅड सगळं आधी तपासलं. वायफाय मात्र ढिम्म हललं नाही!! शेवटी मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने दाखवलेला वायफायचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, रीस्टार्ट, झालं. हे आधी माहीत असतं तर अख्खा रविवार गेला नसता.

आता यूट्यूब, बँकेची कामं, लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं) मस्त चालतंय, पण क्रोममध्ये आठ-दहा टॅब उघडले की रडतोच, रॅम ती रॅमच. मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये कागपा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या बटणांनी मराठी टाइप करायचं) आहे, आईला दोन दिवसात जमलं. बाबा अजून कुरकुरतात, त्यांचं हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

आणि हो, इन्स्टॉल करताना डिस्क इरेजवर (सगळी डिस्क पुसणारा पर्याय) क्लिक करायच्या आधी फोटोंचा बॅकअप घ्या, मी घेतला होता म्हणून वाचलो.

पाचपैकी चार.