एक्सएमएललिंट : तुटलेले दुवे पकडणारं फुकटचं साधन

एक्सएमएल म्हणजे टॅग लावून माहिती लिहायची पद्धत. तिचा साचा झाडाचा असतो, घटकाच्या पोटात घटक; माहिती मात्र तशी नसते. एका पुस्तकाचे दोन लेखक, एका लेखकाची दहा पुस्तकं. लेखक पुस्तकाच्या पोटात घातला की त्याचं नाव दहा ठिकाणी लिहा आणि दुरुस्तीही दहा ठिकाणी करा. म्हणून लेखकांची यादी वेगळी ठेवून पुस्तकात फक्त लेखकाचा क्रमांक देतात. तो क्रमांक यादीत खरंच आहे का, हे एक्सएमएललिंट चोख तपासतं. ते लिबएक्सएमएल2 या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीसोबत येतं. उबुंटूवर लिबएक्सएमएल2-यूटिल्स हे पॅकेज टाकावं लागतं.

डीटीडी ही फाइलच्या रचनेचे नियम लिहायची जुनी पद्धत. तिच्यातले आयडी (घटकाची ओळख) आणि आयडीरेफ (त्या ओळखीकडे जाणारा दुवा) छोट्या फाइलला पुरतात. पण तिथे आयडी अंकाने सुरू होऊ शकत नाही: '101' चालत नाही, 'ले101' चालतं. शिवाय लेखकाच्या जागी चुकून प्रकाशकाचा आयडी पडला तरी तक्रार येत नाही, कारण फाइलमधला कुठलाही आयडी आयडीरेफला चालतो.

खरी ताकद एक्सएसडीतल्या, म्हणजे नियम लिहायच्या नव्या पद्धतीतल्या, की आणि कीरेफमध्ये आहे. की म्हणजे यादीतले क्रमांक, कीरेफ म्हणजे त्यांच्याशी जुळायलाच हवा असा दुवा. चूक सापडली की ओळीचा क्रमांक, कीरेफचं नाव आणि न जुळलेली किंमत तिन्ही समोर येतात, त्यामुळे शोधाशोध उरत नाही. दोन्ही नियम मूळ, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या, घटकावरच लिहावेत. कीरेफ पुस्तकावर लिहिला तर त्याला बाहेरची लेखकांची की दिसत नाही. दोन्हीकडच्या किमतीचा प्रकारही एकच हवा. इकडे पूर्णांक आणि तिकडे मजकूर असेल तर 7 ला 7 जुळत नाही.

सगळ्यात घातक चूक नेमस्पेसची, म्हणजे घटकांची नावं ज्या गटातली असतात त्या गटाच्या नावाची. फाइलला डीफॉल्ट नेमस्पेस असेल आणि सिलेक्टरमध्ये (नियम कुठल्या घटकांना लावायचा ते सांगणाऱ्या ओळीत) घटकाचं नाव उपसर्गाशिवाय लिहिलं, तर सिलेक्टरला एकही घटक सापडत नाही. कीरेफचा सिलेक्टर असा रिकामा गेला की तपासायला काही उरत नाही आणि फाइल बिनबोभाट वैध ठरते! एक्सएसडीत उपसर्ग जाहीर करून सिलेक्टरमध्ये तो लावायचा. गुणधर्माच्या (अॅट्रिब्यूटच्या) नावाला उपसर्ग सहसा लागत नाही. मग फाइलमध्ये मुद्दाम एक खोटा क्रमांक घालून बघायचं. तरीही ती वैध ठरली, तर नियम चालतच नाही असं समजा.

उणिवा आहेत. एक्सएसडी 1.1 मधले असर्ट, म्हणजे स्वतः लिहायच्या अटी, चालत नाहीत. 'अ' हा 'ब'चा पुढचा भाग आणि 'ब' हा 'अ'चा, असं चक्र कीरेफला कळत नाही. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लागते. रोजच्या दुवे-तपासणीला मात्र हेच वापरावं. स्कीमा (एक्सएसडीने तपासा) आणि नोआउट (फाइल परत छापू नका) हे पर्याय देऊन ते बिल्डमध्येच, म्हणजे प्रकल्प तयार करणाऱ्या आपोआप चालणाऱ्या टप्प्यांत, बसवा. फाइल अवैध असेल तर 3 हा कोड परत येतो, त्यावर बिल्ड थांबवता येतो.