अ‍ॅबोरिजिनल मुलांचे फॉस्टर पालकत्व: अल्पकाळ की दीर्घकाळ, आणि कोणत्या संस्थेमार्फत?

ऑस्ट्रेलियातील एकूण मुलांमध्ये अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरील, म्हणजे तिथल्या मूलनिवासी समाजांतील, मुलांचे प्रमाण सुमारे ६ टक्के असले, तरी आईवडिलांपासून दूर, शासनाच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या मुलांमध्ये ते ४० टक्क्यांहून अधिक आहे. अशा मुलांना दत्तक न घेता सांभाळणाऱ्या फॉस्टर घरांची चणचण सतत असल्याने सिडनी-मेलबर्नमधील काही मराठी कुटुंबेही या कामाचा विचार करतात. मूल किती काळासाठी आणि कोणत्या संस्थेमार्फत घ्यायचे, हे दोन निर्णय त्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच तोलून पाहिलेले बरे.

अ‍ॅबोरिजिनल मूल कोणाकडे सोपवायचे, याचा क्रम कायद्याने ठरवून दिला आहे. आधी नातेवाईक, मग त्याच समाजातील कुटुंब, मग अन्य अ‍ॅबोरिजिनल कुटुंब, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हा इतर. या रांगेत आपण शेवटी आहोत, आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकात, १९७० च्या दशकापर्यंत, सरकार आणि मिशन संस्थांनी हजारो मुले घरांतून उचलून नेली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने ते सविस्तर मांडले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. दारात येणाऱ्या मुलाच्या आजीने हे कदाचित स्वतः भोगलेले असते. तिचा आपल्यावर लगेच विश्वास बसला नाही, तर तो आकस समजू नये.

दीर्घकालीन संगोपनात मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत आपल्याकडे राहू शकते. शाळा, आजारपण, मैत्री, रुसवेफुगवे हे सगळे आपल्या घरात घडते आणि मुलाला स्थैर्य मिळते, हा त्याचा मोठा गुण. मात्र घर आपले असले तरी अधिकार आपले नसतात. भारतात सुट्टीला न्यायचे तर पासपोर्टपासून परवानगीपर्यंत सगळे कायदेशीर पालकत्व असलेल्या यंत्रणेकडून मिळवावे लागते, त्यामुळे डिसेंबरची तिकिटे ऐनवेळी काढण्याची सवय इथे चालत नाही. तान्ह्या बाळाचे जावळ काढणे, कान टोचणे, बारशाच्या हौसेने नवे नाव ठेवणे या आपल्याकडे सहज होणाऱ्या गोष्टी परस्पर करता येत नाहीत. रागाच्या भरात एक चापटही मारायची नाही. शिवाय आईवडील, भावंडे आणि आप्त यांच्या ठरलेल्या भेटी असतात, आणि भेटीनंतरचे दोन दिवस मूल गप्प किंवा बिथरलेले असू शकते. आणीबाणीच्या वा अल्पकालीन संगोपनात हेच नियम लागू असतात. फक्त मूल घरी परतावे यासाठीच आपण झटत असतो, आणि परतताना आपला जीव तुटतो.

रेस्पाइट म्हणजे आधाराचे संगोपन याहून बरेच वेगळे आहे. महिन्यातला एखादा शनिवार-रविवार किंवा शाळेच्या सुट्टीतले काही दिवस तेच मूल आपल्याकडे येते. एरवी ते ज्यांच्याकडे असते, त्या पुष्कळदा त्याच्या आजी किंवा मावशी असतात. त्यांना उसंत मिळाली की मूल नात्यातच टिकण्याची शक्यता वाढते. नवख्या मराठी कुटुंबाने सुरुवात इथूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आजीची जागा घेण्यापेक्षा तिच्या पाठीशी उभे राहणे अधिक उपयोगाचे आहे.

संस्थेच्या बाबतीतही माझा कल स्पष्ट आहे. व्हिक्टोरियातील वाका (व्हिक्टोरियन अ‍ॅबोरिजिनल चाइल्ड अँड कम्युनिटी एजन्सी) यांसारख्या अ‍ॅबोरिजिनल समाजाच्या स्वतःच्या संस्था बिगर-अ‍ॅबोरिजिनल कुटुंबांचेही अर्ज घेतात. मुलाचे गोत कुठले, कोणत्या मावशीला विचारावे, घरात मृत्यू झाला तर शोकविधीला मुलाला कसे न्यावे, हे तिथल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असते. सर्वसाधारण संस्थेचे कार्यालय आपल्या उपनगरात असू शकते आणि प्रशिक्षणाच्या तारखा लवकर मिळू शकतात. पण सांस्कृतिक आराखडा, म्हणजे मुलाचे आपल्या समाजाशी नाते टिकवण्याची योजना, तिथे फाइलपुरता उरण्याचा धोका अधिक.

पालकत्वाचा न्यायालयीन आदेश हा आणखी एक मार्ग. न्यू साउथ वेल्समध्ये तो २०१४ पासून उपलब्ध आहे. त्याने निर्णयाधिकार मिळतात, पण संस्थेचा कार्यकर्ता बाजूला होतो, म्हणजे नात्यागोत्याशी धागा जोडून ठेवण्याचे काम एकट्या आपल्यावर येते. बाहेरच्या कुटुंबाने त्याची घाई करू नये. दत्तकविधान तर तिथल्या कायद्यात अ‍ॅबोरिजिनल मुलांसाठी अगदी शेवटचा पर्याय आहे.

भत्ता मुलाच्या खर्चासाठी असतो, पगार म्हणून नव्हे. भाड्याचे घर किंवा एकटे असणे ही अडचण नाही. मात्र घरातील सर्व प्रौढांची तपासणी होते, आणि त्यात सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले आजी-आजोबाही येऊ शकतात, म्हणून ते येणार असतील तर आधीच सांगावे. संस्थेशी पहिल्यांदा बोलताना भत्त्याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात: मुलाचे नातेवाईक किती अंतरावर राहतात, आणि भेटीसाठी त्याला तिथे कोण नेणार?