२०१२ बघू की २०१४?

भाच्याला फॉर्म्युला वनचा एकच जुना मोसम बघायचाय. २०१२ की २०१४, यावर अडलाय. माझं मोजमाप तीन गोष्टींचं: चुरस, खर्च, कान (म्हणजे इंजिनाचा आवाज).

चुरस. २०१२ मध्ये २.४ लिटरची व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिनं होती. त्यांचा विकास नियमांनी गोठवलेला, त्यामुळे इंजिनांत फारसा फरक नव्हता. पहिल्या सात शर्यतींत सात वेगळे विजेते, त्यात विल्यम्स संघाचा माल्दोनादोही! विजेतेपद फेटेलनं अलोन्सोवर जेमतेम ३ गुणांनी मिळवलं.

२०१४ ला १.६ लिटर टर्बो हायब्रिड (टर्बोला विजेच्या मोटरची जोड असलेलं) इंजिन आलं आणि गणितच फिरलं. मर्सिडीजनं टर्बोची टर्बाइन (बाहेर पडणाऱ्या वायूनं फिरणारं चक्र) इंजिनाच्या एका टोकाला, कॉम्प्रेसर (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) दुसऱ्या टोकाला ठेवून मधून दांडा घातला. १९ पैकी १६ शर्यती त्यांच्या. विल्यम्स २०१३ मध्ये रेनॉच्या इंजिनावर ५ गुणांत अडकली होती. मर्सिडीजचं इंजिन मिळाल्यावर ३२०! गाडीपेक्षा इंजिन मोठं झालं ते असं.

खर्च. २०१४ ला एका चालकाला मोसमात आठ इंजिनांऐवजी पाचच मिळू लागली, पण एकेक भलतंच महाग. शरद ऋतूत मारुसिया आणि कॅटरहॅम या संघांच्या गाड्या टेक्सासच्या शर्यतीला पोचल्याच नाहीत. दोष फक्त इंजिनाचा नाही, पण बिलं जड होतीच.

कान? व्ही-८. वाद नको.

दर रविवारी कोण जिंकेल याची धाकधूक हवी असेल तर २०१२. नियमाच्या एका बदलानं अख्खी रांग कशी उलटते ते समजून घ्यायचं असेल, आणि मर्सिडीजच्याच हॅमिल्टन-रॉसबर्गची घरातली भांडणं चालत असतील, तर २०१४.