मुलीच्या पाठीतला अर्धा मणका आणि नाशिकचं हे हॉस्पिटल

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे सांगते.

मी सिडकोत घरीच शिवणकाम करते. मुलगी साडेतीन वर्षांची असताना बालवाडीचा फ्रॉक शिवला, तर घेर डावीकडे वर जायचा. माझंच माप चुकलं म्हणून दोनदा उसवला. तिसऱ्यांदा तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मानेच्या हाडापासून टेप सरळ खाली सोडली. ती कंबरेच्या मधोमध न येता एक बोट बाजूला पडली. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

आधी एका दुकानातून पट्टा घेतला. सहा महिन्यांत पाठ सरळ होईल म्हणाले, साडेआठ हजार घेतले. एप्रिल-मेमध्ये पोर घामोळ्यांनी रडायची आणि पाठ होती तशीच. मग कोणीतरी या मणक्याच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

डॉक्टरांनी तिला पुढे वाकायला लावलं, मग उभ्याने पूर्ण पाठीचा एक्स-रे काढला. फिल्म लाइटवर लावून मला जवळ बोलावलं. एकावर एक चौकोनी मणके, आणि पाठ न् कंबर जुळते तिथे एक त्रिकोणी. एका बाजूने बनलेला, दुसऱ्या बाजूने बनलाच नाही. याला हेमीव्हर्टिब्रा म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे एकाच बाजूला जास्तीची कळी घातलीय." ते म्हणाले, "अगदी बरोबर. आणि मुलगी वाढेल तशी ही कळीही वाढणार." पट्टा का लागू पडला नाही ते मला त्या क्षणी कळलं. बाहेरून कितीही आवळा, कळी आत तशीच.

पण मला विचारायचं होतं वेगळंच. पोटुशी असताना ग्रहणात मी कात्री धरली होती, गिऱ्हाइकाचं लग्नाचं ब्लाउज द्यायचं होतं. सासूबाई चार वर्षं तेच बोलत होत्या आणि मलाही आतून तेच वाटायचं. डॉक्टरांनी तारखा विचारल्या. ग्रहण सातव्या महिन्यातलं. ते म्हणाले, "ताई, मणक्यांचा आकार गर्भाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांतच ठरतो. तुमच्या कात्रीचा काही संबंध नाही." हेच त्यांनी सासूबाईंना बोलावून पुन्हा सांगितलं. या एका गोष्टीसाठी मी या माणसाला जन्मभर विसरणार नाही.

लगेच ऑपरेशनला घेतलं नाही, हेही लिहायलाच हवं. हृदय आणि किडन्या साधारण त्याच काळात घडतात, म्हणून टू-डी इको आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतली. मज्जारज्जू कुठे चिकटलाय का, ते पाहायला एमआरआय. सगळं ठीक निघालं. वाक 34 अंश होता, सहा महिन्यांनी 42 झाला, तेव्हा म्हणाले आता थांबायचं नाही. उशीर केला तर शेजारचे मणकेही वाकतात आणि मग लांबवर जोडकाम करावं लागतं. आत्ता फक्त वरचा-खालचा मणका जोडायचा.

पायातली ताकद जाण्याचा धोका त्यांनी स्वच्छ सांगितला. ऑपरेशन चालू असताना नसांचे सिग्नल तपासणारं मशीन लावतात. तुम्ही कुठेही करा, ते असणार का हे आधी विचारा. पाच तास लागले. त्रिकोणी मणका काढला, चार स्क्रू, दोन बारके रॉड. शुद्धीवर आल्यावर सिस्टरनी पायाचा अंगठा हलव म्हटलं आणि तिने दोन्ही हलवले. तिसऱ्या दिवशी उभी राहिली. आता वाक 11 अंश आहे. वाढ पुरी होईपर्यंत दर वर्षी दाखवायचं आहे.

स्टार कापला तो बिलाच्या काउंटरसाठी. रेशनकार्ड, आधार सगळं महिनाभर आधी दिलेलं. योजनेत बसत नाही हे सांगितलं भरतीच्या आदल्या संध्याकाळी. रातोरात पाटल्या गहाण टाकल्या. मोडायला सांगितल्या असत्या तरी मोडल्या असत्या, पण वेळेवर सांगायला काय जातं?

दाखवायला जाताना जुन्या फिल्म गुंडाळून नेऊ नका, घड्या पडतात. मी साडीच्या खोक्यातला पुठ्ठा लावून सपाट नेते. आणि खाऊ सोबत ठेवा, नंबर यायला दोन तास सहज जातात.